डावऱ्या सुरीची तिसरी मूठ

मित्रांनो, मी कलम बांधायची सुरी आहे. जुनी आहे, डावरी आहे, आणि आधीच सांगून ठेवते, मला फारसं कुणी आवडत नाही.

शहागंजातल्या दुकानांत दोरीला ओळीनं चाकू टांगलेले असतात, ते तुम्ही पाहिले असतील. लाल, पोपटी, निळ्या प्लॅस्टिकच्या मुठी. कुणीही उचलावा आणि कांदा चिरावा. जो कुणाच्याही हातात सारखाच बसतो, त्याला मी चाकू म्हणत नाही, चमच्याचा भाऊ म्हणते. माझं तसं नाही. मला आजवर एकाच बाईनं वापरलं आहे. बाकीच्यांनी वापरायचा प्रयत्न केला, त्यांची फजिती पुढे येईलच.

माझी घडण आधी नीट समजून घ्या. माझं लोखंड टोकापासून मुठीच्या शेवटापर्यंत सलग आहे, मधे कुठे तुटक नाही. पुढच्या अर्ध्या भागाला धार आहे. मागच्या अर्ध्या भागाला दोन्ही अंगांनी एकेक लाकडी फळी बसवलेली असते आणि ती आरपार पितळी खिळ्यांनी धरलेली असते. त्या दोन फळ्या म्हणजे माझी मूठ. लोखंड माझं स्वतःचं, पण मूठ ही कुणाच्या तरी हातासाठी असते. एवढी साधी गोष्ट शिकलेल्या माणसांनाही कळत नाही, म्हणून मला तोंड उघडावं लागलं.

आणीबाणी उठली त्या वर्षी बिडकीनच्या सांडू लोहारानं मला घडवलं. लोखंड कापायच्या यंत्राच्या करवतीचं एक तुटकं पातं होतं, त्यातून मी निघाले. मला घडवून घेतलं ते पारूबाईनं. ती तेव्हा बावीस वर्षांची होती. तिथल्याच मोसंबीच्या एका रोपवाटिकेत ती आणि तिचा नवरा कडुबा कामाला होते. तिथं डोळे भरायचं काम चाले. डोळे भरणं म्हणजे काय, तेही सांगते. जंभेरीचं, म्हणजे एका रानटी लिंबाचं, खडबडीत, काटेरी, पण दमदार रोप घ्यायचं. त्याच्या सालीला एक उभा आणि एक आडवा काप द्यायचा, मोसंबीच्या चांगल्या झाडाच्या काडीवरून एक डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा, सालीसकट उचलायचा, आणि जंभेरीच्या सालीखाली सरकवून पट्टीनं बांधायचा. तीन आठवड्यांनी डोळा हिरवा दिसला तर झाड धरलं. काळा पडला तर मेलं.

पारूबाई डावरी होती. रोपवाटिकेतल्या सगळ्या सुऱ्यांना धार एकाच अंगानं, उजव्या हातासाठी लावलेली. तिच्या हातात त्या साल फाडायच्या. मुकादम म्हणाला, डाव्या हातानं झाड लागत नसतं, तू आपली पाणी घाल. तो मुकादम शर्टाच्या खिशात तीन पेन लावायचा आणि सही अंगठ्यानं करायचा. पारूबाई त्याच्याशी भांडली नाही. ती सरळ सांडूकडे गेली आणि धार उलट्या अंगानं लावून मागितली. सांडूनं दोनदा विचारलं, बाई, नक्की उलटी का? ती दोनदा हो म्हणाली.

मूठ कडुबानं केली. बांधावरच्या बोरीचं लाकूड घेतलं, दोन फळ्या काढल्या, बसवल्या, आणि पारूबाई नुसत्या काड्यांवर काप देऊन हात बसवत असताना शेजारी बसून तिचा हात बघत राहिला. मधेच मला मागून घ्यायचा, काचेच्या तुकड्यानं जरासं खरवडायचा, परत द्यायचा. तीन संध्याकाळी असं चाललं. चौथ्या दिवशी पारूबाईनं माझ्यानं पहिला डोळा भरला. तो धरला. ते रोप मालकानं विकायला घेतलं नाही, वाकडं होतं म्हणून. कडुबानं ते मालकाच्या बागेच्या कोपऱ्यावर लावून टाकलं.

पुढची पस्तीस वर्षं मी काम केलं. मुकादमाला आपलं म्हणणं परत घ्यायला तोंड नव्हतं, म्हणून त्यानं पारूबाईचं कौतुक करायला सुरुवात केली. शेतकी अधिकारी यायचे, तेव्हा तिला पुढे उभं करायचा आणि 'आमची डावरी' म्हणून दाखवायचा. मला ते कौतुक त्याच्या पेनांसारखं वाटे. पण माझ्या मुठीवर अंगठ्याच्या जागी हळूहळू एक खळगा पडत गेला, तो मला आवडे. मला आवडलेल्या गोष्टी मोजक्याच आहेत, त्यातली ती एक.

मोसंबीची झाडं वीस-पंचवीस वर्षांत थकतात. आजूबाजूची बाग दोनदा निघाली, दोनदा लागली. कोपऱ्यावरचं वाकडं झाड उभंच राहिलं. फळं देत राहिलं. कडुबा गेला, तरी ते होतं.

मग पारूबाई मुलाकडे, शहरात मुकुंदवाडीला राहायला आली आणि मी स्वयंपाकघरातल्या खणात पडले. चहाची गाळणी, बाटल्यांची झाकणं, हॉटेलातून पार्सलबरोबर आलेल्या सॉसच्या पुड्या. अशा संगतीत मी बारा वर्षं काढली. अधूनमधून कुणीतरी मला घेऊन टोमॅटो चिरायला जाई आणि माझी धार बोथट आहे म्हणून ठेवून देई. धार बोथट नव्हती. त्यांचा हात उजवा होता.

गेल्या दिवाळीनंतर रोपवाटिकेच्या मालकाच्या मुलाचा, माऊलीचा, फोन आला. कोपऱ्यावरच्या झाडाला डिंक्या लागला होता. खोडातून डिंक वाहतो, साल सुटते, झाड वाळत जातं, असा तो रोग. एकच फांदी हिरवी होती. बाजूच्या झाडांना लागू नये म्हणून ते काढावं लागणार होतं. तो म्हणाला, "मावशी, पुढच्या शुक्रवारी जेसीबी येतोय. त्याच्या आधी काय काड्या घ्यायच्या त्या घेऊन जा."

पारूबाईच्या गच्चीवर जंभेरीची बारा रोपं होती. दोन वर्षांपूर्वी तिनं उगीच बी टाकलं होतं. पन्नास वर्षांची सवय होती, दुसरं काही कारण नव्हतं. रोपं पेन्सिलीएवढी जाड झाली होती. म्हणजे सगळं जमून आलं होतं. हिरव्या फांदीवरचे डोळे बारा रोपांवर भरायचे, म्हणजे झाड गेलं तरी ते झाडच पुढे राहील. तिनं मला खणातून काढलं, दगडावर घासलं आणि खिडकीत ठेवलं.

त्याच संध्याकाळी तिच्या मुलानं, धम्मपालनं, माझ्यानं रंगाचा डबा उघडला. खिडकीच्या गजांना रंग द्यायचा होता. घरात पाना होता, स्क्रू ड्रायव्हर होता, चमचे तर होतेच. त्यानं मला डब्याच्या झाकणाखाली घातलं आणि मुठीवर हातोडी मारली. माझी एक फळी फुटली. धम्मपाल कंपनीत मोठ्या यंत्रावर काम करतो. तिथं म्हणे प्रत्येक हत्याराची जागा आखलेली असते. घरी आल्यावर माणसाचं काय होतं कोण जाणे.

आता मेघाकडे येते. मेघा ही धम्मपालची मुलगी, कॉलेजात शिकते. आजीवर तिचा जीव आहे, हे मी नाकारत नाही. पण जीव असणं आणि विचारणं ही तिला एकच गोष्ट वाटते. ती मला ओढणीत गुंडाळून गुपचूप घेऊन गेली. नवी मूठ बसवून आजीला सरप्राइज द्यायचं होतं. पारूबाई तीन दिवस मला शोधत होती. गाद्या उलटल्या, गहू ओतून डबा रिकामा केला. मेघा तिच्याबरोबर शोधायचं नाटक करत होती आणि तोंड फिरवून हसत होती.

मी शिवराजकडे होते. शिवराजच्या वडिलांचं फर्निचरचं दुकान आहे आणि वरच्या खोलीत तो चाकूंना हव्या तशा लाकडी मुठी करून देतो. हव्या तशा, असं पाटीवर लिहिलेलं आहे. मेघाला त्यानं विचारलं, कलर कोणता? मेघा म्हणाली, निळा, आजीला निळा आवडतो. संपलं माप. हात केवढा, हात कुठला, बाई काय करते, वय काय, काही नाही. त्यानं माझे खिळे काढले, कडुबाच्या फळ्या हातात घेतल्या, अंगठ्याचा खळगा बघून म्हणाला, "किती खराब झालंय. आजीनं काळजी घेतलेली दिसत नाय."

पस्तीस वर्षांच्या अंगठ्याला तो खराबी म्हणाला.

मग त्यानं शिसवाचे दोन तुकडे घेतले, त्यांच्या भेगांत निळं रेझिन ओतलेलं. कागदावर माझा आकार उतरवला, फळ्या कापल्या, भोकं पाडली, चिकटवल्या, खिळे ठोकले, मग एकाहून एक बारीक पॉलिश पेपरनं घासत बसला. मूठ धरून बघायची ती स्वतःच्या हातात. उजव्या. माझ्यात आणि लाकडात केसाएवढी फट त्यानं ठेवली नाही, हे कबूल करते. काम स्वच्छ होतं. ज्या हातासाठी होतं तो हात तेवढा चुकीचा होता. मग त्यानं फोन उभा करून माझं चित्रण केलं. मला फिरत्या पाटावर ठेवलं. शेकडो लोकांनी अंगठे दाखवले म्हणे. त्यातला एकही अंगठा माझ्या मुठीवर टेकलेला नव्हता.

शनिवारी संध्याकाळी मखमलीच्या डबीतून मी घरी आले. सगळे जमले, फोन पुढे झाले. पारूबाईनं डबी उघडली. मला उलटसुलट करून पाहिलं.

"लई चकाचक झाली," ती म्हणाली. एवढंच.

रविवारी सकाळी ती मला घेऊन गच्चीवर गेली, हात बसवायला. डोळे मिळायच्या आधी एखाद्या रोपावर काप देऊन बघावा म्हणून. मूठ डाव्या हातात उलटी येत होती. जिथं बोट टेकायचं तिथं उंचवटा, जिथं आधार हवा तिथं गुळगुळीत. मी तिच्या हातात गर्रकन फिरले आणि रोप बुडापासूनच तुटून पडलं. दुसऱ्या रोपाची साल खालपर्यंत फाटली. बारातली दहा उरली. दुकानातून दुसरी सुरी आणावी तर ती उजवी असणार, आणि पन्नास वर्षांचा हात चार दिवसांत उलटा होत नाही.

मेघा म्हणाली, "आजी, सवय होईल."

"सवय व्हायला शुक्रवार लांब पाहिजे होता, माय," पारूबाई म्हणाली.

तेव्हा मेघा रडली आणि मूठ कुठे, कशी करून घेतली ते सगळं तिनं सांगितलं. सोमवारी आजी-नात शिवराजच्या जिन्यानं वर गेल्या. कडुबाच्या फळ्या त्यानं भंगाराच्या डब्यात टाकल्या होत्या, त्या निघाल्या. शिवराजचं तोंड आंबट झालं होतं, कारण स्वतःचंच काम त्याला गरम करून उपटावं लागलं. निळ्या फळ्या निघाल्या. फुटलेली बोरीची फळी त्यानं चिकटवली आणि दोन्ही फळ्या दोऱ्यानं माझ्यावर बांधून दिल्या.

मित्रांनो, मी या क्षणाची वाट बघत होते. आता सगळ्यांना कळेल, जुनं ते काय होतं. पारूबाईनं मला डाव्या हातात धरलं. अंगठा खळग्यावर नेला. खळगा होता तिथंच होता. पण तिची बोटं सांध्यांवर सुजलेली, करंगळी वाकडी झालेली, तळहाताचं मांस गेलेलं. अंगठा खळग्यात उतरेना. तिनं दोनदा, तीनदा धरून पाहिलं.

"ही बी नाय," ती म्हणाली. "ही बावीस वर्षांच्या पारूची मूठ हाय."

मला राग आला. बारा वर्षं खणात पडून मी सगळ्यांना नावं ठेवली, आणि तिचा हात कुठे पोचला हे मलाही ठाऊक नव्हतं. मी रंगाच्या डब्यावर रागावले होते, निळ्या रंगावर रागावले होते, आणि ज्या मुठीसाठी रागावले होते ती मूठच तिच्या कामाची उरली नव्हती. यात काही भर घालत नाही. मला तो विषय आवडत नाही.

शिवराज म्हणाला, "मग माप कशावर घेऊ, आज्जी?"

पारूबाईनं त्याच्या टेबलावर नजर फिरवली. लाकडाच्या भेगा बुजवायची लांबी एका डब्यात होती, मळलेल्या कणकेसारखी. तिनं त्याचे दोन गोळे माझ्या दोन्ही अंगांना थापायला लावले, वर प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळायला लावली, आणि डाव्या हातानं घट्ट धरलं. नुसतं धरलं नाही. हवेत काप दिला, उभा, आडवा, मग डोळा उचलायची ती मनगटाची वळणी. मग हात सैल सोडला. लांबीवर तिचा हात उमटला होता, गाठींसकट.

"हे जसं हाय तसं लाकडात कर."

शिवराज वाकून बघत होता. त्याला राहवेना. "आज्जी, करतो, पण हा इथला खड्डा तेवढा बरोबर करून घेतो. बेढब दिसतोय."

"तो खड्डा नाय," पारूबाई म्हणाली. "ती माझी करंगळी हाय."

त्यानं तो खड्डा तसाच ठेवला. मंगळवार आणि बुधवार त्यानं बाभळीच्या दोन जाड फळ्या कोरण्यात घातले. पारूबाई समोर स्टुलावर बसून राहायची, हात पुढे करायची, तो बसवून बघायचा, पुन्हा खरवडायचा. एक गिऱ्हाईक वर आलं आणि म्हणालं, काय हो, मुठीला सुरणाचा आकार दिलाय का? शिवराजनं मला पटकन फडक्याखाली झाकलं. माझी त्याला लाज वाटत होती. एका डावऱ्या म्हाताऱ्या बाईखेरीज जगात कुणाच्याच हातात मी बसत नव्हते. निळ्या मुठीनं मिळवलेले शेकडो अंगठे त्या दिवशी मला आणखीच स्वस्त वाटले.

गुरुवारी सकाळी आम्ही बिडकीनला गेलो. झाडाखाली डिंकाचे खडे पडले होते. पारूबाईनं झाडाला हात जोडले नाहीत. हिरव्या फांदीवरून चार गोल काड्या माझ्यानं कापल्या, पानं छाटली, ओल्या गोणपाटात गुंडाळल्या. माऊलीला वाईट वाटत असावं. म्हणाला, "मावशी, नर्सरीतली दोन नवी रोपं देतो की. चांगल्या जातीची हायत."

"दे," पारूबाई म्हणाली. "ती बी लावीन. पण हे वेगळं."

दुपारी गच्चीवर दहा डोळे भरले. एकेकाळी दहा डोळ्यांना तिला पाव तास लागत नसे. त्या दिवशी सूर्य कलला. दर दोन रोपांनंतर ती हात मांडीवर ठेवून बोटं सोडवत होती. मेघा पट्ट्या कापून देत होती आणि या वेळी न सांगता काहीच करत नव्हती. मी हातात फिरले नाही, घसरले नाही. बेढब बाभूळ तिच्या गाठींना घट्ट धरून होती.

शुक्रवारी जेसीबी आला, असं माऊलीनं फोनवर कळवलं.

तीन आठवड्यांनी पट्ट्या सोडल्या. पट्टीला हलकी चीर द्यायचं काम माझंच. पहिला डोळा काळा. दुसरा काळा. तिसऱ्याला हात लावताच तो खपलीसारखा गळून पडला. मेघानं तोंडावर हात ठेवला. चौथाही काळा.

"पुढचं," पारूबाई म्हणाली.

पाचवा हिरवा होता. टपोरा, मुगाच्या दाण्याएवढा. सहावा आणि सातवा गेले. आठवा, नववा, दहावा हिरवे. दहातले चार. पूर्वीच्या मुकादमानं अशा कामाला नापास म्हटलं असतं. पारूबाईनं त्या चार रोपांचे वरचे शेंडे एकेक करून छाटले, म्हणजे आता मुळांचं सगळं बळ त्या डोळ्यांनाच जाईल.  

शिवराज सुधारला, असं मी म्हणणार नाही. त्याच्या टेबलावर अजून निळं रेझिन आहे. धम्मपालनं रंगाचा दुसरा डबा आणलाय, तोही कशानं तरी उघडेलच.

तुम्हाला मात्र सांगते, मित्रांनो, कारण तुमचे हात अजून काही बिघडवण्याएवढे मोठे झालेले नाहीत. जुनी वस्तू पुसा, तेलाचा थेंब लावा, कोरडी ठेवा, ते कराच. पण तेवढ्यानं काळजी घेतली असं समजू नका. कुणासाठी काही करावंसं वाटलं तर गुपचूप करू नका. त्या माणसासमोर बसा, हात पुढे करायला सांगा, आणि आज तो हात कसा आहे ते बघा. तुमच्या आठवणीतला हात घेऊन बाजारात जाऊ नका.

त्या चार रोपांना फळ धरायला पाच वर्षं लागतील. तोवर पारूबाईचा हात आणखी बदलेल आणि मला चौथी मूठ लागेल. शिवराजनं लाकूड राखून ठेवावं.